थोरलीचं मेण

थोरलीला खुर्ची दाखवली की ती आधी तिला उताणी पाडायची. खुर्ची कोणाच्या आजीची असो, पणजीची असो, थोरली कौतुक ऐकून घ्यायला थांबायची नाही. पाय वर, पोट उघडं, आणि हातात जाडी मोजायचा कॅलिपर. गिऱ्हाइकं बिचारी बघतच राहायची. पण बाई चुकायची नाही. बावीस वर्षांत दोनदा चुकली होती आणि त्या दोन्ही चुका तिला तारखेसकट पाठ होत्या.

कारखाना सासऱ्यांचा. जुन्या दिवाणखान्यांतल्या खुर्च्या तिथे दुरुस्तीला यायच्या. कोणाचा पाय डुगडुगतोय, कोणाची पाठ उसवलीय, कोणाला उंदरांनी आतून पोखरलंय. थोरलीचा नवरा पॉलिश करायचा, त्याचा धाकटा भाऊ माल आणायचा-पोचवायचा. पण दुरुस्ती काय, कुठेही होते. या कारखान्याचं नाव होतं ते चिठ्ठीसाठी. काम झालं की खुर्चीच्या मागच्या पायाला दोऱ्यानं एक जाड कागद बांधायचे. खुर्ची किती वर्षांची, कुठे घडलेली, मूळची किती, नंतरची किती. खाली मामंजींची सही. त्या सहीपुढे भल्याभल्यांची तोंडं बंद व्हायची.

लग्न होऊन आली तेव्हा थोरलीला खुर्ची म्हणजे बसायची वस्तू, एवढंच ठाऊक होतं. माहेर शिंप्याचं. कात्री-दाभण हातातलं, म्हणून मामंजींनी तिला जुन्या गाद्या उसवायला बसवलं. उसवता उसवता ती छिद्रं मोजायला लागली. कापड ठोकताना बारीक खिळ्यांची एक रांग पडते. कापड बदललं की दुसरी रांग. ज्या चौकटीला चार रांगा, तिच्यावर चारदा कापड चढलंय, आणि एक कापड वीसेक वर्षं तरी निघतं. करा हिशेब! कोणी न शिकवता बाईनं हे हुडकून काढलं. मामंजींना सांगायला गेली तेव्हा त्यांनी वर न बघता "हं" म्हटलं. बावीस वर्षांत त्या "हं"पुढे गाडी सरकली नाही.

बाकीचं त्यांच्याकडूनच उचललं, तेही चोरून ऐकत. लाकूड उंचीत आक्रसत नाही, रुंदीत आक्रसतं, तेही एका बाजूनं जास्त, दुसऱ्या बाजूनं कमी. म्हणून शंभर वर्षांनी गोल पाय गोल राहत नाही, लंबगोल होतो. डोळ्यांना कळणार नाही, कॅलिपरला कळतं. आणि खुर्चीचं गाव शोधायचं तर तिच्या पोटात बघायचं. बाहेरचं लाकूड मिरवायला असतं, ते सातासमुद्रांपलीकडूनही येतं. आतली आडवी पट्टी मात्र सुतार आपल्या आसपासच्या झाडाचीच घालतो. "वरचं मिरवतं, आतलं बोलतं," मामंजी म्हणायचे. थोरलीनं ते शब्द गाठीला बांधून ठेवले होते.

एक गोष्ट मात्र तिची स्वतःची होती. मेण.

दिवाणखान्यातल्या चांगल्या खुर्चीची बैठक सुटी असते. गादी मारलेली लाकडी चौकट, खुर्चीच्या खाचेत नुसती वरून बसवायची. आठ खुर्च्यांचा संच असला की जुना सुतार प्रत्येक खुर्चीवर छिन्नीनं रेघा मारून ठेवायचा, एक, दोन, तीन, चार. आणि तेवढ्याच रेघा त्या खुर्चीच्या बैठकीच्या मागच्या कडेवर. ज्याची त्याची बैठक ज्याच्या त्याच्या खाचेत. थोरली आधी रेघा जुळवायची, मग मेणबत्तीचं थोटूक घेऊन चौकटीच्या चारी कडांना घासायची. बैठक गप्पकन बसायची, कुरकुर नाही. मेणाखाली रेघा बुजायच्या, पण त्यानं बिघडत नव्हतं. कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं की थोरलीचं मेण म्हणजे खूण बघून झाली. परत कोणी तपासायचं नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग धाकटी आली.

धाकटी म्हणजे धाकट्या दिराची बायको. गोड चेहरा, जरा वेंधळी, चहा करायला ठेवून विसरणारी. येऊन आठवडा झाला नसेल, थोरलीनं तपासून बाजूला ठेवलेल्या एका खुर्चीच्या पाठीवरून तिनं सहज तळहात फिरवला आणि म्हणाली, "अगंबाई, हिला कोणी टेकलेलंच नाही."

थोरली हसली. मामंजी हसले नाहीत. उठून आले, भिंग काढलं, पाठीचा जोड बघितला. पाठ नंतरची होती. बाकी खुर्ची शंभराची, पाठ जेमतेम तीस वर्षांची. थोरलीची दुसरी चूक ती हीच. मामंजी त्यावर मोठ्यानं हसले, अगदी टाळी वाजवून. "हात आहे हो पोरीला, हात आहे!" बावीस वर्षांत... नाही, तेव्हा चौदाच झाली होती. चौदा वर्षांत थोरलीनं त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

त्या दिवसापासून धाकटी तिच्या डोळ्यांत खुपायला लागली.

बरं, भांडावं तर पोरगी भांडायलाही मिळेना. "वहिनी, हे शिकवा ना. वहिनी, ते कसं ओळखायचं?" मागे मागे फिरायची. मामंजींनीच सांगितलं, हिला तयार कर. थोरलीनं केली, दात-ओठ खात केली. "आधी बैठक काढायची. रांगा मोजायच्या. बैठक खोटं बोलत नाही." धाकटीनं ते तंतोतंत घेतलं. आधी बैठक, मग बाकीचं. पण थोरलीला ज्याला तास लागायचा ते धाकटीला तळहात फिरवून कळायचं, आणि वर कसं कळलं ते सांगता यायचं नाही. "असं वाटलं खरं," म्हणायची. असं वाटलं! थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपण मोजून मोजून मरायचं आणि हिला नुसतं वाटतं!

मामंजींचंही बदललं. काही अवघड आलं की "धाकटे, इकडे ये गं, बघ बरं." आणि थोरलीला? "थोरले, तो दिवा जरा जवळ धर." दिवा! म्हणजे हिनं बघायचं आणि आपण उजेड दाखवायचा.

"तुला काय कमी आहे या घरात?" नवऱ्यानं एकदा वैतागून विचारलं.

"मला कमी काहीच नाही," थोरली म्हणाली. "तिला जास्त आहे."

आठ वर्षं हे असं चाललं. वरून सगळं झाक, आत धुमसणं. थोरलीला स्वतःची लाजही वाटायची, खोटं कशाला बोला. धाकटी तापानं पडली तेव्हा उशाशी बसून हिनंच पट्ट्या बदलल्या. आणि तीन दिवसांनी ती बरी होऊन पुन्हा खुर्च्यांवर हात फिरवायला लागली, तेव्हा हिलाच ते बघवेना. काय म्हणावं या मनाला?

मग मामंजींचे डोळे गेले. एकदम नाही. आधी मधोमध डाग, मग तो डाग पसरत गेला. चिठ्ठीवरची सही ओळीखाली घसरायला लागली. एक दिवस ते म्हणाले, "आता माझ्या सहीला अर्थ नाही. पुढची सही कोणाची, ते ठरवायला हवं."

थोरलीला घर नको होतं, मान नको होता, दागिना तर नकोच. तिला चिठ्ठीखाली तिची सही हवी होती. बावीस वर्षं ज्या खुर्च्यांची पोटं तिनं तपासली, त्यांच्या पायाला दुसऱ्याची सही लोंबताना ती बघत आली होती. सासऱ्यांची होती तोवर सोसलं. पण धाकटीची? ती आयत्या बिळावर नागोबा होऊन बसणार आणि आपण दिवा धरणार? छे!

त्याच आठवड्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका आठ खुर्च्या घेऊन आल्या. उंच, सरळ, बोलणं मोजकं. आईच्या दिवाणखान्यातला संच, गावच्या संग्रहालयाला द्यायचा होता. संग्रहालयानं चिठ्ठी मागितली होती. आठही एकाच हातच्या आहेत की नाहीत, ते स्पष्ट हवं. "मला खोटं मोठेपण नको," बाई म्हणाल्या. "एखादी नंतरची असेल तर तसं लिहा."

मामंजींनी आठही खुर्च्यांच्या पायांवरून सावकाश बोटं फिरवली. डोळे गेले होते, बोटं शाबूत होती. त्यांना काय कळलं ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, "थोरलीनं उद्या सकाळी बघायचं. धाकटीनं दुपारी. आपसात बोलायचं नाही. कागदावर लिहून, घडी करून माझ्याकडे. परवा बाईंसमोर उघडू. जिचं बरोबर, तिची सही."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीनं आठ खुर्च्या ओळीनं उताण्या पाडल्या. दार लावून घेतलं. उत्तरेच्या खिडकीतून स्वच्छ उजेड येत होता. बाहेरून अक्रोड, आत पिवळसर हलकं लाकूड. पुढच्या पायांना एकदा असं, एकदा तसं कॅलिपर लावलं. पहिली, लंबगोल. दुसरी, लंबगोल. पाचवीपर्यंत तेच. सहावीचा पाय दोन्हीकडून सारखा भरला. तिनं पुन्हा लावलं. सारखाच. मग बैठक काढली. सहावीच्या बैठकीला छिद्रांची एकच रांग, बाकी सगळ्यांना चार-चार. संचातली एक कधीतरी मोडली असणार आणि कोणा हुशार सुतारानं हुबेहूब जोडी करून दिली असणार. सहा रेघासुद्धा मारल्या होत्या पठ्ठ्यानं.

अर्ध्या तासात काम झालं. कागदावर लिहिलं, "सात मूळच्या. सहावी नंतरची." घडी केली. इथे तिनं उठून जायचं होतं, बस्स.

पण ती उठली नाही. तिला धाकटी दिसायला लागली. दुपारी येणार, गुणगुणत तळहात फिरवणार, बैठक काढणार, रांगा मोजणार, आणि तिचंही उत्तर सहावीच येणार. दोघींचं बरोबर! मग मामंजी काय करणार? टाळी वाजवून हसणार. हात आहे हो पोरीला! दोघी सारख्या ठरल्या की पारडं कुठे झुकणार, हे थोरलीला कोणी सांगायला नको होतं.

तिनं सहावीची बैठक उचलली आणि तिसरीच्या खाचेत ठेवली. तिसरीची सहावीत. आता एका रांगेची नवी बैठक जुन्या खुर्चीत, आणि चार रांगांची जुनी बैठक नव्या खुर्चीत. धाकटी आधी बैठकच बघणार, आपणच तर तसं शिकवलंय. बैठक खोटं बोलत नाही म्हणून.

बैठका बसेनात. दुसऱ्याच्या खाचेत कशा बसतील? इकडून दाबली की तिकडून वर येई. हात आपोआप खिशात गेला, मेणबत्तीचं थोटूक निघालं. चारी कडा घासल्या. मागच्या कडेवरच्या रेघा मेणाखाली बुजल्या. आता बैठका गप्पकन बसल्या. मग एवढ्या दोनच नजरेत भरायला नकोत म्हणून तिनं बाकीच्या सहांनाही मेण लावलं, खुर्च्या सरळ केल्या, हात धुतले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्या दोन ग्लास पाणी प्यायली.

दुपारी धाकटी आत गेली. अर्धा तास झाला, तास झाला. थोरली अंगणात वाळलेली फडकी घड्या घालत होती, त्याच त्या घड्या पुन्हा मोडून पुन्हा घालत होती. इतका वेळ धाकटीला कधी लागत नसे. अखेर ती बाहेर आली तेव्हा गुणगुणत नव्हती. कपाळाला आठी होती. घडी केलेला कागद मामंजींच्या हातात देऊन ती चहा ठेवायला गेली आणि त्या दिवशी चहा विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका ठरल्या वेळी आल्या. मामंजींनी दोन्ही कागद त्यांच्याच हातात दिले. "वाचा. शाळेत निकाल वाचलेत, तसाच."

बाईंनी चष्मा लावला. "पहिला कागद. सात मूळच्या, सहावी नंतरची." मग दुसरा. "सात मूळच्या, तिसरी नंतरची."

मामंजी म्हणाले, "सहावी. माझ्या बोटांनी परवाच सांगितलंय. तिचा पाय गोल आहे. थोरले, तुझं बरोबर." आणि त्यांनी खिशातून भिंग काढलं. तेच ते, पितळी कडीचं, बोटांनी घासून घासून पांढरं पडलेलं. त्यांनी ते तिच्या दिशेनं पुढे केलं. "घे. कष्ट केलेस हो."

कष्ट केलेस! बावीस वर्षांनी "हं"च्या पुढचा शब्द. थोरलीनं हात पुढे केला. तिला धाकटीकडे बघायचं नव्हतं, पण विजय म्हणजे शेवटी काय, दुसऱ्याचं तोंड बघायची चटकच ना! तिनं बघितलं.

धाकटीच्या तोंडावर राग नव्हता, रडूही नव्हतं. ती गोंधळली होती. "माझं चुकलंच," ती मामंजींना म्हणाली. "हात लावला तेव्हा मला सहावीच वाटली होती. दोनदा वाटली. पण बैठक तिसरीची नवी निघाली. मी कितीतरी वेळ बसून राहिले. हात एक सांगतोय, बैठक दुसरं. बैठका अदलाबदल झाल्या असतील असंही आलं मनात, मेण खरवडून रेघा बघाव्या म्हटलं."

"मग बघितल्या का नाहीस?" मामंजींनी विचारलं.

"वहिनींचं मेण होतं ना," धाकटी म्हणाली. "वहिनींनी मेण लावलंय म्हणजे जागच्या जागीच असणार. म्हटलं, माझाच हात चुकत असेल."

भिंग थोरलीच्या बोटांना लागलंच होतं. मामंजींचा हात तिथेच थांबला. ते उठले, चाचपत तिसऱ्या खुर्चीपाशी गेले, बैठक उचलली आणि नखानं मागची कड खरवडली. मेणाचा पांढरा भुगा त्यांच्या पायांवर पडला. अंगठा रेघांवरून फिरला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मुख्याध्यापिका चष्मा काढून पुसायला लागल्या.

आणि थोरली फुटली. शहाण्यासारखी नाही, चांगुलपणानं तर मुळीच नाही. "हो, मीच बदलल्या!" ती ओरडली. "मीच! झालं समाधान? हिला नुसतं वाटतं आणि बरोबर येतं! मी मोजून मोजून डोळे फोडले, तर मला दिवा धर! हिला शिकवलं कोणी? मीच ना? मग एकदा, एकदा तरी माझं एकटीचं बरोबर यायला नको?"

"तुझंच बरोबर आलं होतं," मामंजी हळू म्हणाले. "काही न करता."

धाकटी खाली बसून मेणाचा भुगा गोळा करायला लागली, ते तरी कशाला करायचं होतं कोण जाणे. मामंजींनी भिंग तिच्या हातात ठेवलं. ती "नको, नको" म्हणाली, त्यांनी तिची मूठ मिटली. मग दोन्ही बैठका आपापल्या जागी बसवल्या गेल्या. चिठ्ठीवर लिहिलं, "सात मूळच्या, सहावी नंतरची," थोरलीचंच वाक्य, शब्द न शब्द. खाली सही धाकटीची.

थोरली आठ दिवस कारखान्यात गेली नाही. नवव्या दिवशी धाकटीच बोलवायला आली. "वहिनी, चला ना. छिद्रं मोजायला मला धीर निघत नाही." तिच्या बोलण्यात टोमणा शोधायचा थोरलीनं पुष्कळ प्रयत्न केला. सापडला नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

आता तिला बावीसाची पंचवीस वर्षं झाली. खुर्ची आली की ती अजूनही आधी उताणी पाडते. पाय मोजते, रांगा मोजते, आतलं लाकूड बघून गाव सांगते, आणि धाकटी ते लिहून घेऊन खाली सही करते. सहीचं दुखणं आहे, नाही असं नाही. पण तिला खरं लागतं ते वेगळंच.

काम संपत आलं की थोरली रेघा जुळवते, कडांना मेण घासते, बैठक बसवते. मग धाकटी येते. बैठक उचलते, मागच्या कडेवरचं मेण नखानं खरवडते, रेघा मोजते. खुर्चीवरच्या मोजते. जुळतात. दर वेळी जुळतात. तीन वर्षांत एकदाही चुकलेल्या नाहीत. तरी ती दर वेळी बघते.

बघून झालं की ती बैठक परत थोरलीच्या हातात देते. "वहिनी, लावा हं पुन्हा मेण," म्हणते, अगदी गोड आवाजात.

आणि थोरली लावते.